हॅचरीतले बुधवार

मासे पकडायची आवड मला कधीच नव्हती, आजही नाही. तरी एका उन्हाळ्यात मी ओळीने सात-आठ शनिवार एका ओढ्याच्या काठी रॉड धरून उभा राहिलो आणि दर वेळी हात हलवत घरी आलो. सोमवारी ऑफिसात कुणी वीकेंडबद्दल विचारलं की "फिशिंगला गेलो होतो" असं सांगता यायचं, एवढाच काय तो फायदा.

कारण बाबा होते. आई गेल्यावर वर्षभराने ते सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडात, रीडिंग गावी आले. मी आणि बायको दोघंही आयटीत. सकाळी साडेसातला घर सोडायचो ते संध्याकाळी सातला परत. मधले बारा तास बाबा काय करत असतील हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत होतो. एकदा डोकं दुखतं म्हणून बायको दुपारीच घरी आली, तर बाबा खिडकीपाशी खुर्ची ओढून बसलेले. टीव्ही बंद, हातात पेपर नाही, काही नाही. "बाबा, जेवलात का?" असं तिने विचारलं तर म्हणाले, "जेवतो आता." चार वाजून गेले होते आणि सकाळी करून ठेवलेली भाजी-पोळी फ्रिजमध्ये तशीच होती.

"तू त्यांना कुठेतरी घेऊन जा," ती मला म्हणाली. "मॉल नको, म्युझियम नको. जिथे त्यांना स्वतःला काहीतरी कळतं अशा ठिकाणी ने."

बाबांना कळायचे ते मासे. तीस वर्षं त्यांनी एका धरणाखालच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रावर काढली. रोहू, कटला, मृगळ यांची अंडी उबवायची, पिल्लं बोटाएवढी झाली की तलावांत सोडायची, हे त्यांचं काम. आमचं घर शाकाहारी, तेही कडक. बाबा केंद्रावरून आले की आई त्यांना मागच्या दाराने थेट न्हाणीघरात पाठवायची आणि नातेवाईक त्यांना "माशांचे मामलेदार" म्हणून चिडवायचे. त्यांच्या हातांतून किती मासे गेले असतील याला गणती नाही, पण खाल्ला एकही नाही आणि गळाने पकडलाही नाही.

ऑफिसातल्या एकाने मला सांगितलं, मोटरवेने पश्चिमेला पाऊण तासावर ट्राउट माशांचा एक ओढा आहे, शेजारीच ते मासे वाढवणारी हॅचरी आहे, तिथे नवशिक्यालाही मासा लागतो. मी पोस्टात जाऊन रॉडचं लायसन्स काढलं, एक सेकंडहँड रॉड घेतला, ओढ्याचा दिवसाचा पास फोनवरून बुक केला. लायसन्सच्या मागचं बारीक अक्षर दोनदा वाचलं. हा माझा स्वभाव, आणि त्या दिवसांत तो जरा जास्तच उफाळून आला होता. मी वर्क परमिटवर होतो. चार वर्षांनी कायम राहण्याचा शिक्का मिळणार म्हणून आलो आणि मध्येच सरकारने चाराची पाच वर्षं केली. तेव्हापासून गाडी पार्क केली की डॅशबोर्डवरचं तिकीट बाहेरून नीट दिसतंय ना, हे मी गाडीभोवती फिरून बघायचो. बायको तोवर पुढे निघून गेलेली असायची.

शांत निसर्ग, झुळझुळ पाणी, एकटा कोळी असं काही तुमच्या मनात येत असेल तर ते काढून टाका. शनिवारी नऊ वाजता तिथला कार पार्क भरलेला असायचा. काठावर दर पंधरा पावलांवर हिरव्या जाकिटातला एकेक माणूस. पाणी मात्र खरोखर सुंदर होतं, तळातला खडा न् खडा दिसेल असं. हॅचरीच्या हौदांमधून फिरून आलेलं पाणी एका जाड पाइपातून परत ओढ्यात पडायचं. त्याबरोबर खाद्याच्या चुकार गोळ्या यायच्या, म्हणून मासे पाइपाखाली तोंड वर करून थांबायचे, आणि मासे थांबतात म्हणून माणसं. गुरुवारी हॅचरीची गाडी येऊन ताजे मासे ओढ्यात सोडून जायची. शनिवारी तेच मासे पुन्हा बाहेर काढायला आम्ही सगळे पैसे भरून उभे. फक्त खोटी माशी वापरायची, पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली. दोन मासे मिळाले की घरी जायचं, असा नियम. तो मोडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

बाबा घडीच्या खुर्चीवर, मांडीवर थर्मास घेऊन बसायचे आणि माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघायचे.

"जेवलेत ते," अर्ध्या तासाने म्हणायचे. "आता नाही यायचे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बसलेत बघ खाली. भरल्या पोटी कोण कशाला तुझ्या पिसाच्या मागे धावतोय?"

मला राग यायचा. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची, शनिवारी झोपायचं सोडून इथे यायचं, आणि वर हे ऐकायचं. पण परतताना गाडीत ते बोलायचे. त्या माशाची शेपटी झिजलीय, म्हणजे सिमेंटच्या हौदात दाटीने वाढलाय. तो काळपट होता त्याला डोळ्यांनी दिसत नसणार. असं काहीबाही. घरी आल्यावर वाढलेलं सगळं जेवायचे. म्हणून मी पुढच्या शनिवारचा पास काढायचो.

ऑगस्टमधला एक शनिवार फार उकाड्याचा होता. माझी लाइन मागच्या झुडपात अडकली होती, ती सोडवण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. वळून पाहतो तर खुर्ची रिकामी. मी काठाने शोधत वर गेलो. हॅचरीच्या कुंपणाला एक फाटक होतं, त्यावर "प्रायव्हेट" अशी पाटी, आणि फाटकाच्या आत माझे बाबा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, ओढ्याचं पाणी जिथून हौदांत शिरतं तिथल्या जाळीपाशी वाकून ते दोन्ही हातांनी पाणगवत उपसत होते. वरच्या अंगाला कुणीतरी ओढ्यातलं गवत कापलं होतं, ते सगळं वाहत येऊन जाळीला चिकटलं होतं.

"बाबा, बाहेर या," मी फाटकातूनच म्हणालो. "हे खासगी आहे. पोलिस बोलावतील."

"मरतायत ते," बाबा म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मी हौदाकडे पाहिलं. सगळे मासे पाणी येण्याच्या टोकाला गर्दी करून, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासत होते. तेवढ्यात शेडमधून गमबूट घातलेला एक म्हातारा इंग्रज आला. मी तीनदा सॉरी म्हणालो, वडील आहेत म्हणालो, पाहुणे आहेत म्हणालो, त्यांना पाटी दिसली नाही म्हणालो. पाटी दोन फुटांची होती. म्हाताऱ्याने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने हौदाकडे बघितलं, जाळीकडे बघितलं, आणि बाबांच्या शेजारी गुडघे टेकून तोही गवत उपसायला लागला. वीसेक मिनिटांत पाणी धो धो यायला लागलं, मासे पांगले. मग म्हाताऱ्याने चहा केला. बाबा त्यांच्या फाइलींमधल्या इंग्रजीत त्याला म्हणाले की, तीस वर्षे मी शासकीय मत्स्यबीज केंद्रावर सेवेत होतो, आणि उष्ण दिवशी आपण सकाळचे खाद्य देऊ नये. म्हातारा म्हणाला, "असं होय?" आणि जरा वेळाने विचारलं, "बुधवारी काय करता?"

तिथून बाबांचे बुधवार सुरू झाले. मी ऑफिसला जाताना त्यांना स्टेशनवर सोडायचो. ते पश्चिमेकडची छोटी गाडी पकडायचे आणि पलीकडच्या स्टेशनवर म्हातारा त्याच्या पिकअपमध्ये वाट बघत असायचा. हा माणूस तिथे एकटाच होता. बायको वारलेली, मुलगी ग्लासगोला. दोघं मिळून जाळ्या साफ करायचे, लहान-मोठे मासे वेगळे करायचे, आणि भांडायचे. बाबांचं म्हणणं, खाद्य फार होतंय. म्हाताऱ्याचं म्हणणं, ट्राउट म्हणजे तुमचा रोहू नव्हे. संध्याकाळी बाबा घरी आले की माशांचा वास दारातच यायचा. बायको पेपर अंथरून ठेवायची, त्यावर बूट काढून ते सरळ बाथरूममध्ये जायचे आणि मग जेवताना सुरू व्हायचे.

"त्याला शास्त्र काही येत नाही," एकदा म्हणाले. "पण हात चांगला आहे. मासा असा धरतो की मासा घाबरत नाही."

मी त्यांच्या तोंडून कुणाचं इतकं कौतुक ऐकलं नव्हतं. माझं तर नाहीच. बुधवार सोडून इतर दिवशीही आता ते दुपारी वेळेवर जेवायचे, लायब्ररीत जाऊन ट्राउटवरची पुस्तकं आणायचे. नोव्हेंबरात ट्राउटची अंडी काढतात. मादीच्या पोटावरून हात फिरवून ती भांड्यात घ्यायची, वर नराचं बीज मिसळायचं. बाबा हे सगळं जन्मभर वेगळ्या पद्धतीने करत आले होते, माशांना इंजेक्शनं देऊन. त्यामुळे त्यांना ते बघायचं होतं, नव्हे, करायचं होतं. म्हाताऱ्याने त्यांना तसा शब्द दिला होता. "नोव्हेंबरात" हा शब्द दिवसातून दोनदा तरी घरात ऐकू यायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सोमवारी म्हाताऱ्याचा मला ऑफिसात फोन आला. सीझनला मदतनीस लागतात, त्यांची नावं इन्शुरन्सवाल्यांना कळवावी लागतात, तर वडिलांची जन्मतारीख आणि व्हिसाचा प्रकार तेवढा सांगता का, अगदीच फॉर्मॅलिटी आहे, असं तो म्हणाला.

बाबांच्या पासपोर्टवर स्वच्छ लिहिलेलं होतं की काम करायला मनाई आहे. बिनपगारी काम हे काम की नाही, ते मला माहीत नव्हतं. पण कुठल्यातरी कागदावर बाबांचं नाव, पुढे "मदतनीस" असं लागणार, तो कागद कुठूनतरी कुठेतरी जाणार, माझ्या अर्जाच्या फाइलला लागणार, आणि एवढी वर्षं काढल्यावर शिक्क्याच्या जागी आम्हाला घरी जा असं पत्र येणार, ही सगळी साखळी मी फोन कानाला असतानाच पूर्ण केली. सरळ सांगता आलं असतं की व्हिसाचं बघावं लागेल, थोडा वेळ द्या. पण व्हिसा हा शब्दसुद्धा मला त्या माणसासमोर काढायचा नव्हता.

"त्यांची तब्येत बरी नाही," मी म्हणालो. "हृदयाचं आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय. आता नाही येऊ शकणार."

तो म्हणाला, "मागच्या बुधवारी तर बादल्या उचलत होते. मी उचलू द्यायला नको होत्या." त्याला वाटलं त्याच्यामुळे झालं. मी त्याला तसं वाटू दिलं.

घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला. "तू बाबांना खरं काय ते सांग," ती म्हणाली. "व्हिसाची भीती वाटते म्हण. ते सरकारी नोकरीतले आहेत, त्यांना नियम कळतात. आणि त्या माणसालाही फोन करून सांग."

मी बरं म्हणालो. मंगळवारी ऑफिसातून उशिरा आलो, तोवर ते झोपले होते. बुधवारी सकाळी खाली आलो तर बाबा जुनी पँट, दोन स्वेटर घालून, डबा पिशवीत टाकून दाराशी तयार. मला गाडीची किल्ली सापडत नव्हती. ती खिशातच होती.

"बाबा, हॅचरीतून फोन आला होता," मी म्हणालो. "अंड्यांच्या सीझनला ते बाहेरच्या कुणाला आत घेत नाहीत. रोगाच्या भीतीने. त्यामुळे आता नाही जाता येणार."

बायको जिन्यात उभी होती. ती वळून वर निघून गेली.

बाबांनी पिशवी खाली ठेवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "आम्हीही नाही घ्यायचो." मग वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या. त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला आणि मी तिथे उभा राहून बघत होतो. ऑफिसला उशीर होतोय म्हणून मी चरफडलो, हेही मला आठवतं.

व्हिसा डिसेंबरपर्यंत होता. बाबांनी पुढच्याच आठवड्यात तिकीट अलीकडचं करून मागितलं. थंडी सोसत नाही म्हणाले. एअरपोर्टवर त्यांनी माझ्या हातात लायब्ररीची पुस्तकं दिली, शुक्रवारच्या आत परत कर म्हणाले, आणि आत गेले. मी काही बोललो नाही. बोलायला हवं हे मला कळत होतं. पण तेव्हा मी इतका थकलेलो होतो की न बोलण्यासाठी तेवढं कारण मला पुरत होतं. प्रोजेक्टची डेडलाइन, ट्रेन, पाऊस, अर्ज, यांतलं कुठलंही कारण तेव्हा पुरायचं.

दीड वर्षाने शिक्का मिळाला. अर्जाचा फॉर्म मी स्वतः भरला होता, पानन् पान. वडील कधी आले होते का, आले तर काय करत होते, याबद्दल त्यात एकही प्रश्न नव्हता. पासपोर्ट पोस्टाने परत आला तेव्हा बायकोने शिरा केला. मला वाटलं होतं की काहीतरी सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही, झोप मात्र खूप आली. दुसऱ्या शनिवारी मी माळ्यावरून रॉड काढला आणि ओढ्यावर गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही.

कार पार्क भरलेलाच होता. मी पाइपापासून लांब, जिथे कुणी थांबत नाही अशा जागी उभा राहिलो, आणि दुपारी, माझं लक्ष नसताना, माझ्या गळाला मासा लागला. पहिलाच. चांगला हातभर होता. तो काठावर आणेपर्यंत माझी त्रेधा उडाली, आणि आणल्यावर त्याचं काय करायचं हे मला कळेना. कुणीतरी शेजारी येऊन वाकलं, हात ओले केले, गळ काढला आणि मासा तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरला. हॅचरीतला म्हातारा होता. त्याने मला ओळखलं होतं. मासा हातातून निघून गेल्यावर त्याने हात पँटला पुसले.

"वडिलांचं हृदय कसं आहे?" मग त्याने विचारलं.

मी बरं आहे म्हणालो.

"ते जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन केला होता," तो म्हणाला. "निरोप घ्यायला. मी म्हटलं, तुमच्या मुलाने हृदयाचं सांगितलं, फार वाईट वाटलं, माझ्या बादल्यांनी झालं असेल तर माफ करा. तर जरा वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, नाही नाही, बादल्यांनी नाही, जुनंच दुखणं आहे, डॉक्टर फार कडक आहेत. आणि म्हणाले, पानगळ सुरू झालीय, जाळी दिवसातून दोनदा बघा." तो जरा हसला. "मी अजून दोनदा बघतो."

मी रॉडची लाइन गुंडाळत राहिलो. गुंडाळून झाली तरी गुंडाळत होतो. बाबांना त्या दिवशी, त्या फोनवर, एका वाक्यात सगळं कळलं होतं. मी त्याला काय सांगितलं ते कळलं, आणि त्यावरून मी त्यांना काय सांगितलं तेही. त्यानंतर ते माझ्याबरोबर जेवले, दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी गाडीत बसून एअरपोर्टला आले, आणि दीड वर्ष दर रविवारी माझ्याशी फोनवर बोलत होते. कांद्याचा भाव, शेजारच्यांचं बांधकाम, माझ्या बायकोचं प्रमोशन. मला लाज वाटली, आणि नुसती लाज वाटून भागणार नाही हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी फोन लावला. बायको समोर बसली होती.

"बाबा, काल हॅचरीवर गेलो होतो."

"हं. मासे कसे आहेत?"

"चांगले आहेत. हॅचरीवाले भेटले." पुढचं वाक्य मी रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं, ते ऐन वेळी तोंडातून येईना. "तुमची तब्येत कशी आहे?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" बाबा म्हणाले. मग ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "पण तिथे कुणी विचारलं तर बरी नाही असंच सांगत जा. मी त्याला तसंच सांगून ठेवलंय."